डॉसबॉक्स : जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅमसाठी काही महिने वापरल्यानंतर

आमच्या गृहनिर्माण संस्थेची देखभाल शुल्काची बिले टर्बो पास्कल ७ या जुन्या प्रोग्रॅमिंग साधनात लिहिलेल्या एका डॉस प्रोग्रॅमवर, म्हणजे विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीसाठीच्या प्रोग्रॅमवर, निघतात. सभासदांची थकबाकी, त्यावरील व्याज आणि सिंकिंग फंडाची सगळी खाती त्यातच असल्याने तो सोडून देण्यासारखा नाही. घरच्या संगणकावर विंडोज ११ आल्यापासून तो मी डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर जुना डॉस संगणक उभा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवत आहे.

असा प्रोग्रॅम थेट विंडोजमध्ये उघडल्यावर ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला की फाइल खराब झाली असे पुष्कळांना वाटते, पण फाइल शाबूत असते. प्रोसेसर ६४ बिट पद्धतीत चालू असताना डॉस प्रोग्रॅमला लागणारी आभासी ८०८६ पद्धत, म्हणजे जुन्या ८०८६ प्रोसेसरसारखे वागण्याची सोय, मिळतच नाही. ३२ बिट विंडोज १० मध्ये त्यासाठी एनटीव्हीडीएम हा घटक होता. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच निघाली नाही. त्यामुळे कंपॅटिबिलिटीच्या टॅबमधले पर्याय बदलत बसण्यात काही अर्थ नाही. डॉसबॉक्स जुना प्रोसेसरच सॉफ्टवेअरने उभा करतो, म्हणून ही अडचण तेथे येत नाही.

त्यानंतरचा अडथळा म्हणजे ‘रनटाइम एरर २००’, आणि माझ्या मते खरे समजून घेण्यासारखे हेच आहे. टर्बो पास्कलचे सीआरटी युनिट, म्हणजे पडदा आणि कळफलक हाताळणारा तयार भाग, सुरुवातीलाच संगणकाचा वेग मोजते: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक छोटे आवर्तन किती वेळा फिरले ते मोजून त्या संख्येला ५५ ने भागते. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच मावते. आवर्तने साधारण ३६ लाखांच्या पुढे गेली की भागाकार ओसंडतो आणि पहिला मेनू दिसण्याआधीच प्रोग्रॅम बंद पडतो. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे प्रोसेसर आल्यावर ही त्रुटी सर्वत्र दिसू लागली. दोष वेगाचा असल्याने उपायही वेगाचाच आहे. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सायकल्सचा, म्हणजे डॉसबॉक्सच्या वेगाचा, आकडा ‘मॅक्स’ न ठेवता ठरावीक ठेवावा. ३,००० वर आमचा प्रोग्रॅम चालतो, पण वर्षअखेरीची यादी रेंगाळते. २०,००० वर ती झटपट निघते आणि एरर २०० एकदाही आलेला नाही. चालू असताना कंट्रोल आणि एफ ११ ने वेग कमी, कंट्रोल आणि एफ १२ ने जास्त करता येतो; योग्य आकडा शोधायला हीच सोय सर्वांत उपयोगी पडली.

प्रोग्रॅमचा विंडोजमधील फोल्डर डॉसबॉक्सला ड्राइव्ह म्हणून जोडण्याची आज्ञा सेटिंगच्या फाइलच्या शेवटी, ऑटोएक्झेक (सुरू होतानाच आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या) विभागात एकदा लिहिली की रोज टंकावी लागत नाही. त्याच्या आतील फोल्डरचे नाव मात्र आठ अक्षरांच्या आत ठेवावे, नाहीतर डॉसमध्ये ते तोडलेले दिसते. विंडोजमधून एखादी फाइल त्या फोल्डरमध्ये टाकली आणि प्रोग्रॅमला ती सापडली नाही, तर घाबरण्याचे कारण नाही; कंट्रोल आणि एफ ४ दाबले की फोल्डरची यादी नव्याने वाचली जाते.

छपाई ही मूळ डॉसबॉक्सची सर्वांत मोठी उणीव आहे. तो जुन्या खेळांसाठी बनलेला असल्याने ०.७४ आवृत्तीत प्रिंटरची सोयच नाही. आमच्या प्रोग्रॅममध्ये बिले मजकुराच्या फाइलमध्ये उतरवण्याचा पर्याय असल्याने मी ती नोटपॅडमधून छापतो. ज्यांच्याकडे असा पर्याय नसेल त्यांनी डॉसबॉक्सवरूनच बनवलेला, छपाईची सोय असलेला डॉसबॉक्स-एक्स पाहावा.

पैशांच्या नोंदींबाबत मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते. एकाच फोल्डरमधील नोंदी दोन संगणकांवरून एका वेळी उघडू नयेत, कारण एकाने उघडलेली फाइल दुसऱ्यासाठी कुलूपबंद ठेवण्याच्या बाबतीत डॉसबॉक्सवर विसंबता येत नाही. प्रोग्रॅममधून रीतसर बाहेर पडल्यावरच खिडकी बंद करावी, आणि दर महिन्याची बिले निघाली की संपूर्ण फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर तारखेच्या नावाने ठेवावी. मी ती प्रत दुसऱ्या संगणकावर डॉसबॉक्समध्ये उघडून थकबाकीची बेरीजही ताडून पाहतो.