डार्क अकॅडेमिया, थ्रिलर आणि क्विअर प्रेम: तीन कादंबऱ्यांपैकी आधी कोणती वाचायची?

डार्क अकॅडेमिया म्हणजे शिक्षणसंस्थांच्या भिंतींआड घडणाऱ्या, काळोख्या वातावरणाच्या गोष्टी. नावाजलेली शाळा, हुशार आणि महत्त्वाकांक्षी मुलं, कुणीतरी दडवलेलं काहीतरी आणि त्यात गुंतलेलं समलिंगी प्रेम. एवढा ऐवज 'एस ऑफ स्पेड्स', 'अ लेसन इन व्हेन्जन्स' आणि 'इफ वी वेअर व्हिलन्स' या तिन्ही कादंबऱ्यांत आहे. त्यामुळे मलपृष्ठ वाचून निवड करायला गेलात तर फसाल. त्यापेक्षा स्वतःला विचारा: कसलं उत्तर मिळेपर्यंत आपल्याला पुस्तक खाली ठेववत नाही? कोण करतंय याचं, सांगणारी खरं बोलतेय का याचं, की हे असं का घडलं याचं?

'कोण' हा प्रश्न ओढत असेल तर फरीदा अबिके-इयिमिदे यांची 'एस ऑफ स्पेड्स' (2021). निव्हियस ही अमेरिकेतली महागडी खासगी शाळा. तिथे चियामाका आणि डेव्हन हे दोघेच कृष्णवर्णीय. ती श्रीमंत घरातली, शाळेत दबदबा असलेली. तो शिष्यवृत्तीवर शिकणारा, पियानोत रमणारा. 'एसेस' नावाने कुणीतरी सगळ्या शाळेला मेसेज पाठवून दोघांची गुपितं फोडू लागतं. प्रकरणं आलटून पालटून दोघांच्या तोंडून येतात, आणि वाचकाला दोघांचं कळत असलं तरी त्यांना एकमेकांचं कळत नाही. रहस्याचा ताण इथून येतो. डेव्हनचं एका मुलाशी असलेलं नातं इथे थेट हत्यार म्हणून वापरलं जातं. शाळेत ती बदनामी असते, पण तो राहतो त्या वस्तीत तीच बातमी जिवावर बेतू शकते. एकाच गुपिताची दोन ठिकाणी दोन वेगळी किंमत, हे लेखिकेने फार नेमकं पकडलं आहे.

अडचण सुरुवातीला येते. बराच वेळ हे शाळेतल्या भानगडींचं पुस्तक वाटतं आणि पुष्कळ जण तिथेच ते मिटतात. तेवढा धीर धरा; संस्थेत मुरलेला वंशद्वेष समोर यायला लागला की वेग एकदम बदलतो. शेवट मात्र घाईत उरकल्यासारखा आहे, आणि प्रेमकथेला जागा कमी मिळते. पुस्तकांनी भरलेल्या खोल्या आणि मेणबत्त्या हव्या असतील तर त्या इथे नाहीत.

त्या सगळ्या व्हिक्टोरिया ली यांच्या 'अ लेसन इन व्हेन्जन्स'मध्ये (2021) आहेत. कॅट्सकिल डोंगरातली डॅलोवे शाळा, गॉडविन हाउस हे वसतिगृह आणि तिथे पूर्वी गूढ रीतीने मेलेल्या पाच मुलींची आख्यायिका. प्रेयसीच्या मृत्यूनंतर फेलिसिटी वर्षभराने शाळेत परतते, आणि एलिस हेली ही कमी वयात गाजलेली लेखिका तिला त्या पाच मृत्यूंवरच्या कादंबरीच्या कामात ओढते. एलिसची पद्धत अशी, की जे लिहायचं ते आधी करून बघायचं. इथे प्रेम आणि धोका वेगळे काढताच येत नाहीत: फेलिसिटी एलिसकडे जितकी झुकते तितका तिच्या सांगण्यावरचा आपला विश्वास डळमळतो. भूत खरं की मनाचा खेळ, याचा स्वच्छ निकाल हवा असणाऱ्यांची चिडचिड होणार. पूर्वार्ध संथ आहे. शोक आणि ढासळलेलं मानसिक स्वास्थ्य पानोपानी आहे, तेव्हा तो विषय सध्या जड जात असेल तर हे पुस्तक पुढे ढकला. प्रेमातून दिलासा शोधणाऱ्यांसाठीही हे नाही. दोन मुलींच्या नात्यातलं विष दाखवायला लेखन कचरत नाही, आणि तीच त्याची ताकद आहे.

तिसरी, एम. एल. रिओ यांची 'इफ वी वेअर व्हिलन्स' (2017), प्रौढांसाठीची आहे, पण या दोन आवडलेले वाचक हटकून तिच्याकडे वळतात. दहा वर्षं तुरुंगात काढून सुटलेला ऑलिव्हर, निवृत्त होणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला 1997 साली नाट्यविद्यालयात नेमकं काय घडलं ते सांगतो. शिक्षा कुणाला झाली हे पहिल्याच पानांत कळतं. उरतं ते 'का'. पाच अंकांची रचना, सात विद्यार्थी आणि बोलता बोलता शेक्सपिअरच्या ओळी फेकण्याची त्यांची खोड. पहिल्या अंकात नावांचा गोंधळ उडतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला नेहमी मिळणारी भूमिका नावापुढे टिपून ठेवा: रिचर्ड जुलमी राजा, मेरेडिथ मोहिनी, जेम्स नायक, अलेक्झांडर खलनायक, रेन निरागस नायिका, फिलिपा पडेल ती भूमिका करणारी, ऑलिव्हर नायकाचा दोस्त. पुढचं बरंचसं राजकारण या साच्यांतूनच उगवतं. 'ज्युलियस सीझर', 'मॅकबेथ' आणि 'किंग लिअर' यांचं कथानक आधी चाळलंत तर निम्मे संकेत आपोआप लागतील. ऑलिव्हर आणि जेम्समधलं प्रेम बराच काळ न बोलता राहतं, मध्ये मेरेडिथही आहे. ठळक, उघड प्रेमकथा अपेक्षित असेल तर हात रिकामे राहतील. दारू, अमली पदार्थ आणि मारहाण भरपूर.

पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला द्यायचं असेल तर 'एस ऑफ स्पेड्स'च, तेही वंशद्वेष आणि समलिंगींचा तिरस्कार यांचे प्रसंग आहेत हे आधी सांगून. वातावरणासाठीच या प्रकाराकडे आलेल्यांनी थेट 'लेसन' उचलावं. 'व्हिलन्स'चा शेवट वाचकांच्या चर्चांत सर्रास फोडलेला असतो, तेव्हा पुस्तक संपेपर्यंत तिकडे फिरकू नका.