म्युनिकच्या संग्रहालयातलं सॅफो-अल्कायसचं भांडं

क्योनिग्सप्लात्झवरच्या प्राचीन कलावस्तूंच्या संग्रहालयात वेळ कमी असेल, तर थेट या भांड्यापाशी जा. सोमवारी मात्र बंद असतं. भांडं इ.स.पू. 470च्या सुमाराचं, ब्रिगोस चित्रकाराच्या हातचं, सिसिलीत सापडलेलं, अर्धा मीटरभर उंच. त्यावर सॅफो आणि अल्कायस हे प्राचीन ग्रीक कवी, शेजारी नावं लिहिलेली, दोघांच्या हाती बार्बिटोस हे तंतुवाद्य. लायर या ग्रीक तंतुवाद्यापेक्षा याचे दांडे लांब, वर आत वळलेले. तारा लांब, म्हणून आवाज खर्जातला. अल्कायसने मान खाली घातलीय आणि तोंडासमोर ओळीने पाच बारीक ‘ओ’. गाणं चालू आहे! इतकं जिवंत चित्र क्वचितच दिसतं. फ्लॅश मारू नका. काळ्या चकचकीत लेपावरून उजेड परततो नि अक्षरं हरवतात. मागे मद्याचा ग्रीक देव डायोनिसस आहे, तळाजवळ तोटीही. पण रेंगाळा समोरच.