रेन कव्हर की आतली पिशवी?

नवी सॅक घेतली की पहिल्या पावसात पावागड, ही बडोदेकरांची सोयीची चाचणी. डोंगर जेमतेम 50 किलोमीटरवर. रेन कव्हर झटकन चढतं, बाहेरचे कप्पेही झाकतं. पण पाठीकडची बाजू उघडीच! मानेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच सॅकमध्ये मुरतं, आणि डोंगराच्या मध्यावरच्या माचीच्या वर वारा सुटला की कव्हर फुगून निसटू पाहतं ते वेगळंच. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड पिळून दुमडलं, तर कपडे आणि स्लीपिंग बॅग कोरडी राहते. सॅक मात्र भिजून जड होते. शिवाय खाखऱ्यासाठी दर वेळी पिशवी सोडायची म्हणजे वैताग. तो डब्यात घालून वरच्या कप्प्यात ठेवावा. मुक्काम असेल तर मी पिशवीच निवडेन. संध्याकाळी बडोद्याला, दांडिया बाजारात परतायचं असेल, तर कव्हर पुरे.