‘आखार’ : आखान आणि अहाब

हिब्रू बायबलमधलं ‘आखार’ हे क्रियापद म्हणजे नुसता त्रास देणं नव्हे. एकाच्या करणीमुळे सगळ्यांवर अरिष्ट ओढवणं, हा त्याचा रोख.

‘यहोशवा’ या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात अर्थ सरळ आहे. यरीहो नगराच्या, देवाने वर्ज्य ठरवलेल्या लुटीतला शिनारी (बाबेलचा) झगा, २०० शेकेल चांदी आणि ५० शेकेल वजनाची सोन्याची लगड आखान नावाच्या इस्राएलीने तंबूत पुरून ठेवली. त्यापायी आय नगरापुढे इस्राएलचे सुमारे ३६ जण मारले गेले. ‘तू आमच्यावर अरिष्ट का आणलंस?’ असं विचारणारा इस्राएलचा पुढारी यहोशवा हेच क्रियापद वापरतो, आणि शिक्षेच्या जागेला अखोर खोरं हे नाव पडतं. दोष उघड, पुरावा जमिनीतून उकरून काढलेला.

‘१ राजे’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात मात्र शब्दावरूनच झगडा. दुष्काळाने पोळलेला इस्राएलचा राजा अहाब, त्या दुष्काळाचं भाकीत करणाऱ्या एलीया संदेष्ट्याला ‘इस्राएलला छळणारा’ म्हणतो. एलीया तोच शब्द त्याच्यावर उलटवतो: मी नव्हे, परमेश्वराच्या आज्ञा सोडून बआल या परक्या दैवतांमागे लागलेला तू आणि तुझं घराणं!

अर्थ समजायला आखानाची कथा पुरते. पण मला अहाबाचा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. सत्ताधारी खरं बोलणाऱ्यालाच उपद्रवी ठरवतो, हे तिथे लख्ख दिसतं.