जपानी आजी-आजोबांसाठी जुनी गाणी: एन्का, साठच्या दशकातली की फोक?

जपानमध्ये वृद्धांसाठी गाणी लावायची म्हटलं की बहुतेक जण थेट एन्काकडे, म्हणजे विरहाच्या हळव्या जपानी गाण्यांकडे, वळतात. किमोनोतली गायिका, बर्फ, बंदर, साके आणि विरह. म्हाताऱ्यांना हेच आवडणार, असा हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे. 'एन्का' हे नाव आजच्या अर्थाने रुळलं ते 1960 च्या दशकाच्या शेवटाकडे. आज नव्वदीत असलेल्या आजी तेव्हा तिशी ओलांडलेल्या, पदरी मुलंबाळं असलेल्या बाई होत्या. त्यांच्या तरुणपणाची गाणी वेगळीच होती.

काइगोच्या, म्हणजे वृद्धांच्या देखभालीच्या, कामासाठी जपानला निघालेल्या, किंवा तिथेच सासर असलेल्या मराठी माणसाला गाणी निवडायची असतील तर पहिला प्रश्न 'तुम्हाला काय आवडतं' हा नसावा. त्यावर जपानी आजोबा हमखास 'काहीही चालेल' म्हणतात. जन्मसाल विचारा. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं जास्त पक्कं आठवतं, असं स्मृतीच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. उत्तर बहुधा शोवा सनात, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेल्या वर्षांत, मिळेल. त्यात 1925 मिळवा: शोवा 10 म्हणजे 1935, शोवा 23 म्हणजे 1948. एवढ्या बेरजेवर अर्धी निवड होऊन जाते.

1940 च्या आधी जन्मलेले

यांच्यासाठी एन्का बाजूला ठेवा आणि युद्ध संपल्यानंतरची गाणी काढा. 'रिंगो नो उता' हे 1945 च्या चित्रपटातलं, नामिकी मिचिकोने गायलेलं सफरचंदाचं गाणं. बेचिराख शहरं, रेशनच्या रांगा, आणि त्यात लाल सफरचंदाबद्दलचं हे उड्या मारत जाणारं गाणं. शब्द अगदी साधे, पण ज्यांनी ती उपासमार पाहिली त्यांना ते साधं वाटत नाही. 'आओई सान्म्याकु' (1949) त्याहून मोकळं. सगळ्या हॉलने मिळून म्हणायला मला या काळातलं हेच सर्वांत सोयीचं वाटतं. कासागी शिझुकोचं 'टोकियो बुगीवुगी' मात्र म्हणायला नव्हे, खुर्चीत बसून हात-पाय हलवायला लावा. जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके हिने 2023 मध्ये तिच्या आयुष्यावर आधारित रोजची मालिका दाखवली होती, त्यामुळे कर्मचाऱ्यांतल्या तरुण मुलींनाही ते ओळखीचं असण्याची शक्यता आहे.

मिसोरा हिबारी याच पिढीची. जन्म 1937, योकोहामा. तिला सरसकट एन्काच्या खणात टाकतात, पण बारा वर्षांची असताना ती गाजली ती 'कानाशिकी कुचिबुए'मुळे, टॉप हॅट घालून. नव्वदीतल्या आजींसाठी हिबारी म्हणजे ती मुलगी, 1966 च्या 'कानाशिई साके'मधली अश्रू ढाळणारी बाई नव्हे. 'कावा नो नागारे नो यो नी' तर 1989 चं, ती गेली त्याच वर्षीचं. जपानभर सगळ्यांना ते आवडतं, पण ते तारुण्याची आठवण म्हणून नव्हे, निरोप म्हणून.

एक पथ्य पाळा. या वयाच्या काहींना युद्धकाळातली लष्करी गाणीही तोंडपाठ असतात. कुणी आपणहून गुणगुणायला लागलं तर गुणगुणू द्या. तुम्ही होऊन लावू नका. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याचा भाऊ त्या युद्धात गेलेला असू शकतो.

1940 ते 1952 च्या दरम्यान जन्मलेले

यात 1947 ते 1949 मध्ये जन्मलेली 'दांकाई' पिढी येते आणि संख्येने तीच भारी असते. यांच्या तरुणपणी घरात टीव्ही आला. 31 डिसेंबरच्या रात्री एनएचकेचा 'कोहाकु उता गास्सेन' हा गाण्यांचा कार्यक्रम बघायचा ही रीत याच काळात पक्की झाली. 1963 साली त्या कार्यक्रमाचं प्रेक्षकप्रमाण (रेटिंग) 81.4 टक्के होतं. म्हणजे एकच गाणं खरोखर सगळ्या देशाने ऐकलेलं असण्याचा हा काळ, आणि निवडणाऱ्याच्या दृष्टीने हीच मोठी सोय.

साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते आरुको' (1961) इथे पहिलं. ते 1963 मध्ये 'सुकियाकी' या विचित्र नावाने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, हे आजोबा तुम्हाला सांगतीलच. त्यात शिट्टीचा तुकडा आहे. ज्यांना आता शब्द जमत नाहीत, त्यांना तो गुणगुणता येतो. जोडीला हाशी युकिओ आणि योशिनागा सायुरीचं 'इत्सुदेमो युमे ओ' (1962) ठेवा. एक ओळ पुरुषांनी, एक बायकांनी, अशी वाटणी सहज होते.

फुनाकी काझुओचं 'कोको सान्नेनसेई' (1963) इथल्या बहुतेक यादीत असतं. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचं, निरोपाचं गाणं, गायक शाळेच्या गणवेशात. पण त्या वर्षी जपानमधली साधारण एक तृतीयांश मुलं हायस्कूलला गेलीच नव्हती. त्यातली कित्येक आओमोरी, अकिता, इवाते अशा उत्तरेकडच्या भागांतून पंधराव्या वर्षी कामगार भरतीच्या खास गाड्यांत बसून टोकियोला आली. वर्तमानपत्रं त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणत. त्यांचं गाणं 'आ उएनो एकी' (1964), इझावा हाचिरोचं. टोकियोतल्या उएनो स्टेशनबाहेर त्याचं स्मारकही आहे. तेव्हा आजोबा मूळचे कुठले आणि पहिली नोकरी कोणत्या वयात लागली, हे आधी कळलं तर या दोनांपैकी कोणतं लावायचं ते ठरतं. दोन्ही एकापाठोपाठ लावणं मी टाळेन.

1953 नंतर जन्मलेले

हे आता सत्तरीत किंवा त्याच्या उंबरठ्यावर. यांना 'रिंगो नो उता' लावलं तर ते हसून म्हणतील की हे आमच्या आईचं गाणं. आपल्याकडे भावगीतांवर वाढलेल्या आजोबांना केवळ वयाकडे बघून नाट्यपदं ऐकवावीत, तसंच ते. यांच्यासाठी फोक: कागुयाहिमेचं 'कांदागावा' (1973), इरुकाचं 'नागोरियुकि' (1975). किंवा टीव्हीवरच्या मुली: यामागुची मोमोए, पिंक लेडी. मोमोए 1980 मध्ये ऐन भरात निवृत्त झाली, त्यामुळे तिचा आवाज त्यांच्या आठवणीत म्हातारा झालेलाच नाही. 'ई ही ताबिदाची' (1978) संथ आहे, जमतं. पिंक लेडीच्या 'यूफो'चे हातवारे ज्या बायकांनी शाळेत केले, त्या आजही करून दाखवतात.

मग एन्का कधी?

एन्का ऐकायला आणि एकट्याने गायला. इशिकावा सायुरीचं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' (1977) घ्या. उएनोहून निघालेली रात्रीची गाडी, बर्फातलं आओमोरी, पुढे होक्काइदोला जाणारी फेरीबोट. 1988 मध्ये समुद्राखालचा सेइकान बोगदा सुरू झाला आणि तो प्रवासच संपला, म्हणून हे गाणं पिढ्या ओलांडून चालतं. पण समूहाने म्हणायला अवघड. एन्कातली 'कोबुशी' म्हणजे गळ्यातली हरकत. वीस जणांनी एकदम घेतली की गोंधळ होतो. हॉलमध्ये एखादे आजोबा कराओकेचे जुने खेळाडू असतात. त्यांच्या हाती माइक द्या आणि एन्का त्यांच्यावर सोपवा.

या बाबतीत मराठी माणसाला एक फायदा आहे. जुन्या जपानी लोकप्रिय गाण्यांत सप्तकातला चौथा आणि सातवा स्वर गाळलेली रचना फार वापरतात. मेजर प्रकारात उरतात ते सा, रे, ग, प, ध, म्हणजे आपला भूपच. मायनरमध्ये ग आणि ध कोमल होतात. पेटी वाजवता येत असेल तर चाल पटकन बसते.

कोणतंही निवडा, कराओके यंत्रावर पट्टी दोन-तीन स्वरांनी खाली घ्या. मूळ पट्टी विशीतल्या गळ्याची असते. शब्द मोठ्या अक्षरात, कांजीवर (चित्राक्षरांवर) फुरिगाना, म्हणजे उच्चाराची छोटी अक्षरं, देऊन छापा. ते तुमच्याही कामाला येईल.

सगळ्या वयाची माणसं एकत्र असतील आणि अर्धाच तास हातात असेल, तर मी 1914 च्या शालेय गीताने, 'फुरुसातो'ने, सुरुवात करेन. ते सगळ्यांनाच येतं. मग 'आओई सान्म्याकु', 'उए ओ मुइते आरुको', 'इत्सुदेमो युमे ओ', आणि शेवटी एकाने म्हणायचं एखादं एन्का. फोक आणि मोमोए त्या दिवशी राहू द्या. त्या पिढीतले बहुतेक जण अजून डे सर्व्हिसला, म्हणजे वृद्धांच्या दिवसभराच्या देखभाल केंद्रात, येत नाहीत. दहा वर्षांनी याच यादीत तीच गाणी पुढे असतील.