लॅझरसमधील पास्कल स्क्रिप्ट : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल आकारणीसाठी मी लॅझरसमध्ये (पास्कल भाषेत प्रोग्राम लिहिण्याच्या मोफत साधनात) प्रोग्राम लिहिला आहे. उपविधींच्या मर्यादेतले थकबाकीवरील सरळ व्याज, पार्किंगचा आकार, बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसलेल्या सदनिकेवरचे) यांविषयीचे निर्णय सर्वसाधारण सभेत बदलत असतात. दर वेळी प्रोग्राम नव्याने कंपाइल करून (संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणून) देण्यापेक्षा हे नियम वेगळ्या मजकूर-फाइलीत असावेत, म्हणून मी त्यात रेमऑब्जेक्ट्स कंपनीचे पास्कल स्क्रिप्ट, म्हणजे पास्कलमध्ये लिहिलेल्या छोट्या सूचना प्रोग्रामच्या आत चालवणारे इंजिन, बसवले. इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनातील कोड विभाग ज्यावर चालतो तेच हे इंजिन. लॅझरससोबत त्याचे पॅकेज येतेच. ते निवडून आयडीई (लॅझरसचा प्रोग्राम लिहिण्याचा संपादक) पुन्हा बिल्ड केला की कंपोनंट पॅलेटवर, म्हणजे तयार घटकांच्या पट्टीवर, दिसू लागते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती त्याने आखलेली हद्द. स्क्रिप्ट कंपाइल होताना येणाऱ्या इव्हेंटमध्ये (त्या क्षणी आपोआप चालणाऱ्या आपल्या कोडमध्ये) आपण अ‍ॅडफंक्शनने जी फंक्शने नोंदवतो, तेवढीच, आणि इंजिनाची स्वतःची मूलभूत फंक्शने, स्क्रिप्टला दिसतात. फाइल पुसणारे फंक्शन मी नोंदवलेलेच नाही. त्यामुळे कोणी ते नियमांच्या फाइलीत लिहिले, तर स्क्रिप्ट चालण्याआधीच ओळ आणि स्तंभ यांच्या क्रमांकासह अनोळखी नावाची त्रुटी मिळते. आमचे खजिनदार प्रोग्रामर नाहीत, तरीही व्याजाचा दर ते त्या फाइलीत निर्धास्तपणे बदलतात, याचे श्रेय मी या रचनेला देतो.

देवनागरी मजकुराकडे मात्र जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते. लॅझरसमध्ये स्ट्रिंग (मजकूर) यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेली असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. परिणामी ‘देशमुख’ या नावाची लांबी स्क्रिप्टमधील लांबी मोजणारे लेंग्थ हे फंक्शन बाइट मोजून १८ सांगते, आणि मजकुराचा भाग काढणाऱ्या कॉपीने पहिली दहा ‘अक्षरे’ मागितली तर तीन चिन्हे आणि चौथ्याचा एक तुकडा हाती येऊन पावतीवर नाव फाटते. हा दोष इंजिनाचा नव्हे. मुख्य प्रोग्राममध्येही तेच घडते. लॅझरसच्या लॅझयूटीएफ८ युनिटमधील, बाइटऐवजी चिन्हे मोजणाऱ्या फंक्शनांभोवती स्वतःची छोटी फंक्शने लिहून ती स्क्रिप्टला उपलब्ध करून दिली की प्रश्न सुटतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. स्क्रिप्टमध्ये नवा क्लास (माहिती आणि तिच्यावरची फंक्शने एकत्र बांधणारा प्रकार) घोषित करता येत नाही आणि पॉइंटर (स्मृतीतील पत्ते) नाहीत. स्क्रिप्टचे मधले रूप, म्हणजे बाइटकोड, इंटरप्रिटरमधून एकेक सूचना वाचत चालत असल्याने वेग मूळ पास्कलपेक्षा कमी पडतो, पण आकारणीच्या हिशेबाला तो पुरून उरतो. न संपणारे लूप अख्खा प्रोग्राम गोठवते. त्यासाठी स्क्रिप्ट चालू असताना वरचेवर येणाऱ्या इव्हेंटमध्ये वेळ तपासून ती थांबवण्याची व्यवस्था आपणच करावी. आपला एखादा क्लास स्क्रिप्टला द्यायचा तर कंपाइलरकडे एकदा आणि रनटाइमकडे एकदा अशी दुहेरी नोंदणी करावी लागते, आणि त्या दोन्ही जुळत्या ठेवणे हे चिकाटीचे काम आहे. दस्तऐवज तुटपुंजे आहेत. मला खरी उत्तरे इंजिनाच्या सोर्समध्येच सापडली.

डेल्फी (पास्कलचे दुसरे, व्यावसायिक साधन) वापरणाऱ्यांना स्क्रिप्टमध्येच क्लास हवे असतील, तर त्यांनी डीडब्ल्यूस्क्रिप्ट हे दुसरे स्क्रिप्ट इंजिन पाहावे. लॅझरसवर नियमांसारख्या लहान कामाला मी पास्कल स्क्रिप्टचीच शिफारस करीन. कंपाइल केलेला बाइटकोड साठवून पुढे थेट चालवण्याची सोयही त्यात आहे, परंतु ती मी बंद ठेवली आहे. कारण व्याज कसे लागले हे सभासदाने विचारले, तर त्याला ती फाइल उघडून वाचता आली पाहिजे.