गोठा की ताट : पशुरोगांचे संशोधन आणि अन्नजन्य जिवाणूंचे संशोधन, निवड करणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

कासदाह झालेल्या गाईच्या दुधात जे जिवाणू सापडतात त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा एक प्रमुख आहे. हा जिवाणू पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या टेबलावर आला की तो विचारतो, नमुना कोणत्या सडाचा आहे, गोठ्यातील आणखी किती गाईंना बाधा झाली आहे, धार काढणाऱ्याच्या हातांमधून रोग पसरतो आहे का आणि कोणते प्रतिजैविक त्यावर चालेल. तोच जिवाणू खव्याच्या नमुन्यातून अन्न सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाकडे पोहोचला की प्रश्न बदलतात. धार काढल्यानंतर दूध किती तास कोमट राहिले, एका ग्रॅममधील जिवाणूंची संख्या कधी एक लाखाच्या पुढे गेली होती का आणि गेली असल्यास विष तयार झाले का, हे त्याला पाहावे लागते. कारण उकळल्याने जिवाणू मरतो, परंतु त्याने आधीच सोडलेले विष उकळल्यानंतरही शिल्लक राहते. सूक्ष्मजीवशास्त्रात पुढे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने या दोन प्रश्नमालिकांपैकी कोणती आपल्याला अधिक ओढते हे आधी पाहावे, असे मला वाटते. पगार, पदे आणि संस्था यांचा विचार त्यानंतरचा आहे, मात्र तोही टाळता येण्याजोगा नाही.

प्रवेशाच्या वाटांपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण येथे घेतलेला निर्णय नंतर सहज फिरवता येत नाही. पशुरोगांच्या संशोधनाची मुख्य वाट पशुवैद्यकीय पदवीतून जाते. बारावीला जीवशास्त्र आणि नीट परीक्षेतील गुण यांच्या आधारे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ यांसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. वर्षभराची आंतरवासिता धरून ही पदवी साडेपाच वर्षांची आहे, त्यानंतर पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रातील पदव्युत्तर पदवीला दोन वर्षे आणि पीएचडीला किमान तीन वर्षे लागतात. दुसरी वाट बीएस्सी, एमएस्सी आणि मग नेट किंवा गेट परीक्षेतून पीएचडी अशी आहे. सारा हिशेब मांडला तर दोन्ही वाटांमधील अंतर साधारण दोन-अडीच वर्षांचेच निघते, ही गोष्ट अनेक पालकांच्या लक्षात येत नाही. शिवाय पशुवैद्यकीय पदवीधराला संशोधन मध्येच थांबवावे लागले तरी लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते किंवा नोंदणी करून खासगी सेवा देता येते. केवळ एमएस्सी झालेल्याला असा आधार नसतो.

परंतु या दोन दारांची रचना सारखी नाही. पशुवैद्यकीय पदवी घेतलेली व्यक्ती सार्वजनिक आरोग्य किंवा मांसतंत्रज्ञान या विषयांतून अन्नजन्य जिवाणूंकडे सरळ वळू शकते. एमएस्सी झालेल्या व्यक्तीला पशुरोगांच्या संशोधनात येता येते, पण ते बाजूच्या दाराने: प्रकल्पातील संशोधन साहाय्यक म्हणून, रेणवीय निदानाच्या (जनुकीय चाचण्यांनी रोग ओळखण्याच्या) कामातून किंवा लसनिर्मितीच्या उद्योगातून. पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रातील बहुतेक कायम पदांसाठी पशुवैद्यकीय पदव्युत्तर पदवीच मागितली जाते. प्रकल्प संपला की नवा प्रकल्प शोधण्यात उमेदीची वर्षे घालवणारे गुणी तरुण पाहिले की ही अट त्यांना पहिल्याच वर्षी कोणी स्पष्ट सांगायला हवी होती, असे वाटून वाईट वाटते.

रोजच्या कामातील फरक याहून मोठा आहे. पशुरोगांच्या संशोधकाचे काम प्रयोगशाळेच्या दारात सुरू होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्या येतात, लाळ्या खुरकुताची साथ बाजाराच्या जनावरांबरोबर गावोगाव जाते, आणि नमुना वेळेवर व थंड अवस्थेत पोहोचला नाही तर सर्वोत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. म्हणून मानेच्या शिरेतून रक्त घेणे, गर्भपात झालेल्या वासराच्या पोटातील द्रव निर्जंतुक पद्धतीने काढणे, आणि हे सर्व करताना आधीच हवालदिल झालेल्या मालकाशी नीट बोलणे, ही कौशल्ये त्याला अंगी बाणवावी लागतात. फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय असेल तर मृत जनावर उघडायचे नसते. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टी तयार करायची असते, कारण शव उघडल्यावर हवेच्या संपर्काने जिवाणू बीजाणू तयार करतात आणि ती जमीन वर्षानुवर्षे दूषित राहते. ज्याला जनावराजवळ उभे राहण्याची भीती किंवा किळस वाटते त्याने केवळ विषयाच्या आकर्षणापोटी ही वाट धरू नये.

अन्नजन्य जिवाणूंचे काम अधिक नियमित, अधिक मोजून-मापून करण्याचे आणि बहुतांशी चार भिंतींच्या आतले आहे. अन्नातून आजार पसरवणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूच्या शोधासाठी २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये घालून ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायचा, मग निवडक द्रव माध्यमात २४ तास वाढवायचा, नंतर एक्सएलडी आगार या घन माध्यमावर काळ्या मध्याच्या वसाहती शोधायच्या आणि जैवरासायनिक व रक्तद्रवीय चाचण्यांनी खात्री करायची. यात चार-पाच दिवस जातात आणि कोणतीही पायरी गाळता येत नाही. लिस्टेरिया या जिवाणूची गोष्ट आणखी वेगळी, कारण तो शीतकपाटाच्या थंडीतही वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी या मांसपदार्थातून त्याची जी साथ पसरली तिच्यात एक हजाराहून अधिक लोकांना लागण झाली आणि दोनशेहून अधिक मरण पावले. त्या साथीचा उगम रुग्णांकडून आणि कारखान्यातून मिळालेल्या जिवाणूंची संपूर्ण जनुकक्रमवारी ताडून पाहिल्यामुळे निश्चित करता आला. ज्याला असे धागे जुळवण्यात, आकडेवारीत आणि संगणकावरील विश्लेषणात आनंद मिळतो त्याच्यासाठी हे क्षेत्र अतिशय समृद्ध आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. अन्नक्षेत्रात खासगी नोकऱ्या संख्येने अधिक आहेत, हे खरे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानंतर मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळांचे जाळे वाढले, दुग्धसंघ आणि मांस व मासळी निर्यात करणारे कारखानेही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नेमतात. परंतु यांतील बहुसंख्य पदे चाचणीची आहेत, संशोधनाची नाहीत. चाचणी हे जबाबदारीचे आणि समाजाला आवश्यक असलेले काम आहे, मात्र ठरलेली पद्धत अचूक पाळणे हा तिचा गुण, तर पद्धतीबद्दलच प्रश्न विचारणे हा संशोधनाचा. संशोधनच करायचे असेल तर म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था, हैदराबादची राष्ट्रीय मांस संशोधन संस्था आणि कोचीची मत्स्य तंत्रज्ञान संस्था यांसारख्या ठिकाणांकडे किंवा सक्षम विद्यापीठीय विभागांकडेच नजर ठेवावी लागते.

पशुरोगांच्या बाजूला पदे कमी आणि सरकारी भरतीच्या लहरीवर अवलंबून, पण संशोधनाची परंपरा जुनी आहे. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा आरंभ १८८९ साली आपल्या पुण्यातच झाला आणि १८९३ मध्ये ती आजच्या उत्तराखंडातील मुक्तेश्वरला हलवली गेली, हे मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाच्या उच्चाटनात तेथे झालेल्या लसविषयक कामाचा मोठा वाटा होता आणि २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आज भोपाळची उच्चसुरक्षा प्रयोगशाळा, बंगळुरूची रोगपरिस्थिती विज्ञान संस्था, भुवनेश्वरजवळची लाळ्या खुरकूत संस्था आणि पुण्यात औंध येथील पशुरोग अन्वेषण विभाग व लसनिर्मिती संस्था ही कामाची महत्त्वाची ठिकाणे आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांमध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला तेव्हा त्याचे निदान भोपाळलाच झाले होते.

कामाच्या फळाला लागणारा वेळ हाही निवडीचा भाग आहे. लसीचे संशोधन दशकाच्या हिशेबाने चालते. मोठ्या जनावरांवरील चाचण्यांना परवानगी, गोठा, खाद्य आणि पैसा लागतो, आणि एका चुकीच्या गटामुळे वर्ष वाया जाऊ शकते. अन्नातील जिवाणू मात्र बाजारातून आणलेल्या नमुन्यांत सापडत राहतात, त्यामुळे पीएचडीचा विद्यार्थी तुलनेने लवकर निष्कर्षांपर्यंत पोहोचतो. उलट, पशुरोगांत यश आले तर ते लाखो जनावरांच्या जिवाच्या रूपाने दिसते. २०१९ मध्ये लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेला (गाईंत गर्भपात घडवणारा, माणसालाही बाधणारा जिवाणू) यांच्याविरुद्ध जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला त्यासाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद झाली होती. संशोधन शिष्यवृत्तीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. सीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची) कनिष्ठ शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि अनेक प्रकल्प तोच दर पाळतात.

धोका दोन्हीकडे आहे, पण त्याचे स्वरूप सारखे नाही. ब्रुसेला हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना होणाऱ्या जिवाणूजन्य संसर्गांपैकी सर्वांत नेहमी आढळणाऱ्यांत मोडतो, आणि त्याच्याविरुद्ध वासरांना टोचण्याच्या एस-१९ या जिवंत लसीची सुई स्वतःला लागली तरी पशुवैद्याला आजार होऊ शकतो. अमेरिकेतील ॲलिस इव्हान्स यांची कहाणी म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावी. त्या पशुवैद्य नव्हत्या आणि त्यांच्याकडे पीएचडीही नव्हती. अमेरिकी कृषिखात्याच्या दुग्धविभागात ताज्या दुधातील जिवाणूंचा अभ्यास करताना त्यांनी गाईंच्या गर्भपाताचा जिवाणू आणि माणसातील माल्टा तापाचा जिवाणू यांचे जवळचे नाते १९१८ मध्ये प्रसिद्ध केले. अनेकांनी ते मानले नाही. १९२२ मध्ये त्यांना स्वतःलाच त्या रोगाची लागण झाली आणि त्याने त्यांना पुढे कितीतरी वर्षे छळले. पण त्यांचे म्हणणे खरे ठरले आणि १९२८ मध्ये अमेरिकी जीवाणुशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

इव्हान्स यांचे काम या आढाव्यातील दोन्ही रकान्यांत बसते, आणि तो अपवाद नाही. साल्मोनेलाला ज्यांचे नाव मिळाले ते डॅनियल साल्मन पशुवैद्य होते, त्यांच्या हाताखाली तो जिवाणू शोधणारे थिओबाल्ड स्मिथ हे वैद्यकाचे पदवीधर होते, आणि शोध चालला होता डुकरांच्या रोगाचा. आपल्या काळातील उदाहरण कोलिस्टिनचे आहे. या प्रतिजैविकाला दाद न देण्याची क्षमता देणारे, जिवाणूंमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांत सापडल्याचे २०१५ च्या अखेरीस समोर आले, आणि भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. नागपूरला एकात्म आरोग्याच्या (माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या) राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली, तीही याच सीमारेषेवरील कामासाठी.

माझे मत विचाराल तर बारावीच्या उंबरठ्यावरील, जनावरांची आवड असलेल्या विद्यार्थ्याने पशुवैद्यकीय पदवीच घ्यावी, कारण त्या पदवीतून दोन्ही दारे उघडी राहतात. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्याने मागे फिरून नीट देण्याचा अट्टहास करू नये. त्याने अन्नजन्य जिवाणूंचे क्षेत्र निवडावे, मात्र विषय असा घ्यावा की नमुना ताटापासून मागे कत्तलखान्यापर्यंत किंवा गोठ्यापर्यंत नेता येईल, आणि सहमार्गदर्शक म्हणून पशुवैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षक मिळवावा. दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांनी अर्ज भरण्यापूर्वी एक आठवडा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि एक आठवडा अन्नचाचणी प्रयोगशाळेत काढावा, आणि ज्या मार्गदर्शकाकडे जायचे त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: नमुने कोठून येतात, जैवसुरक्षेची व्यवस्था कोणत्या पातळीची आहे आणि त्यांचे मागील पाच विद्यार्थी आज कोठे काम करत आहेत.